मी बोलायचो तोवर ती तळायची

बायको जाऊन वर्ष झालं. आमच्यात वर्ष पुरं होईपर्यंत घरात कढई चढत नाही. दिवाळीला नातेवाईक फराळाचे डबे आणून देतात, ते खायचे आणि गप्प बसायचं. आता वर्ष संपलं. मी सुनेला सांगितलं, कढईत पहिलं काही पडायचं तर गुलाबजामच पडतील. पाकिटातले. आणि तळणार मी.

सून पुण्याची. इकडे कानडी मुलखात इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यात ऑम्लेट केलं नाहीत. मागवूया ना."

"मागवलं म्हणजे कढई चढली असं धरत नाहीत," मी म्हटलं.

पाकिटातलेच का, तर आमचा संसार त्या पिठावर झाला. मी चौथी शिकलेला माणूस, ते पीठ करणाऱ्या कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. या पिठाची जाहिरात मी पहिल्यापासून बघितली. आधी दुकानावर पत्र्याच्या पाट्या आल्या. रंगाऱ्यानं जामून असे लाल काढलेले की लोक टोमॅटोचा काही प्रकार समजायचे. पीठ कोणी घेईना. बायका म्हणायच्या, खव्याशिवाय जामून होतो का कुठं? मग कंपनीनं जाहिरातीची व्हॅन काढली. गल्लीत जायचं, स्टोव्ह पेटवायचा, लोकांसमोर तळून खायला द्यायचं. तळायला बाई पाहिजे होती. मी माझी दिली. दिली म्हणजे काय, तिनंच विचारलं, पगार वेगळा देतात का. देत होते.

पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या कामगारांच्या वस्त्या, के. आर. पुरमचा बाजार, सगळीकडे फिरलो. व्हॅनमध्ये हातात धरायचा भोंगा होता. कंपनीनं मला बोलायला चार ओळी दिल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या चार ओळी बोलून मी भोंगा खाली ठेवला, तर कढईत जामून पांढरेफटक. लोक हलायला लागले. तिनं आच वाढवली नाही. तिनं ती कधीच वाढवली नाही. मान वर न करता मला म्हणाली, "अहो, बोलत राहा."

काय बोलणार? तोंडाला येईल ते बोललो. पाहुणे बस स्टॉपवर उतरलेत, सासूबाई दारात उभ्या, सूनबाईचे हात पिठात, आता घराण्याची अब्रू कोण वाचवणार? बायका हसल्या आणि थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यात नवऱ्याची भर घातली, तिसऱ्या दिवशी चुलत दिराची. कानडीत बोलायचो, समोर आपली माणसं दिसली की मराठीत. जामून हवे तसे झाले की ती झारा कढईच्या काठावर आपटायची. मग मी शेवटचं म्हणायचो, "ज्याला पटलं नाही त्यानं खाऊन बघा, ज्याला पटलं त्यानं घेऊन जा." पुढं पुढं तिला झारा आपटायची गरज राहिली नाही. बोलणं आणि तळणं एकदमच संपायला लागलं.

मग थिएटरात मध्यंतराला त्या पिठाची स्लाइड यायला लागली, आणि घरोघर टीव्ही आला. टीव्हीतली बाई नटूनथटून वाटी पुढं करायची. आमच्या हिनं ती जाहिरात बघितली आणि एवढंच विचारलं, "तळलं कुणी?" कढई कुठंच दिसत नव्हती. व्हॅन बंद झाली. मी पीण्यात एका कारखान्याच्या गाडीवर लागलो. पुढं जाहिरात बसच्या पाठीवर गेली, आणि आता सुनेच्या फोनमध्ये येते, ती बोटानं उडवून लावते. तेवढ्यात एक जामून तेलात नीट ओलासुद्धा होणार नाही.

तर रविवारी सकाळी कढई चढवली. पीठ भिजवलं, पाक केला, ते सगळं पाकिटावर लिहिलंय. पहिला घाणा बाहेरून काळा, आत कच्चा. सुनेनं खिडकी उघडली. दुसऱ्याला आच स्वल्प, अगदी थोडी, ठेवली, तर भीतीनं लवकर काढले. कापला तर मधोमध पिठाची गोळी. पीठ उरलं होतं ते एकाच घाण्यापुरतं. मला वाटलं, हिची कढई मला चढवता आली नाही म्हणजे नाही. घर असंच राहणार, दुसऱ्यांच्या डब्यांवर.

"आई किती वेळ तळायच्या?" सुनेनं विचारलं.

"घड्याळ कधी बघितलं नाही तिनं."

"मग कळायचं कसं त्यांना?"

"मी बोलायचं थांबलो की काढायची."

बोलून गेलो आणि हातातला झारा तसाच राहिला. सून माझ्याकडे बघत होती. मी आच बारीक केली, गोळे सोडले आणि भोंग्यात बोलायचो तसा बोलायला लागलो. पाहुणे बस स्टॉपवर उतरले. सासूबाई दारात आल्या. सून ओट्याला टेकून हसायला लागली. "बाबा, हे तुम्ही रस्त्यावर म्हणायचात?" मी थांबलो नाही. थांबायचं नव्हतंच. नवरा आला, चुलत दीर आला, त्याला दोन वाट्या जास्त लागल्या. मध्ये एका जागी लोकांचं हसणं संपायची वाट बघायचो, तिथंही तेवढाच थांबलो. ज्याला पटलं नाही त्यानं खाऊन बघा, ज्याला पटलं त्यानं घेऊन जा. झारा मीच काठावर आपटला आणि जामून काढले.

मुरल्यावर सुनेनं एक कापला. आतपर्यंत एकसारखा.

"सरी," मी कानडीत म्हटलं, म्हणजे जमलं बरोबर.

एक वाटी हिच्या फोटोपुढे ठेवली. ती गोड खायची नाही, वासानंच कंटाळलेली असायची. तरी ठेवली.

सून म्हणाली, बाबा, ते परत म्हणा, मी फोनमध्ये घेते. मी नाही म्हटलं. फोनमध्ये ठेवून ती बोटानं उडवून लावील. संध्याकाळी तिनंच दुसरं पाकीट आणलं. या वेळी झारा तिच्या हातात दिला, मी स्टूल ओढून बाजूला बसलो आणि बोलायला लागलो.