कोरा हात

हात धुतले की स्वच्छ होतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मिरची कधी खुडलेली नाही. मिरचीचा हात दिसायला लख्ख असतो. नखं साफ, बोटं साफ, साबणाचा वाससुद्धा येतो. मग घाम येतो आणि तोच हात पेटतो.

सत्तरच्या दशकात, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत, मी नागपुरात मिरचीच्या सातऱ्यावर जात होते. सातरा म्हणजे उघडं मैदान, वर फाटकी ताडपत्री आणि कुहीकडून आलेल्या लाल मिरचीचे ढीग. ढिगाभोवती बसून आम्ही बायका देठ खुडायचो. दिवसभर नाकाला पदर आणि डोळ्यांत पाणी.

बसण्याआधी हाताला जवसाचं तेल चोपडायची रीत होती. तेलकट हातात मिरची कमी भिनते. त्यासाठी खांबापाशी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक वाटी कायम भरलेली असायची. दुसरी रीत कोऱ्या हाताची. रोज एका बाईने मिरचीला शिवायचंच नाही. तिने बाकीच्यांना पाणी पाजायचं, डोळ्यात गेलेला केस काढायचा, सुटलेला अंबाडा बांधायचा आणि लेकरं आयांच्या छातीशी लावायची. तिच्या वाटणीची मिरची आम्ही सगळ्या मिळून खुडायचो. मुकादम कुरकुरायचा, पण ढीग उरकतोय म्हटल्यावर गप्प बसायचा.

बहुतेक दिवस कोरा हात मावशीचा असे. मावशी कुणाचीच सख्खी नव्हती. आमच्या वस्तीतली म्हातारी, तिला दिसायचं कमी, देठ हाताला सापडायचे नाहीत. माझी मुलगी तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची, अंगावर पिणारी. सासर पारशिवनीकडे, माहेर त्याहून लांब. घरी तिला सांभाळणार कोण? म्हणून तिची झोळी सातऱ्यावरच, कडुनिंबाला.

माझ्या छातीला चिरा पडल्या होत्या. मुलीने तोंड लावलं की मी ओठ चावून बसायचे. एकदा दुपारी मावशीने ते ओळखलं.

"काहून सांगितलं नाही वं? तेल लावू दे थोडं."

माझे हात मिरचीचे, म्हणून तिनेच बोट बुडवून तेल लावलं. तिचा हात अगदी कोरा होता. पण बोट बुडवलं ते खांबापाशीच्या वाटीत. त्या वाटीत सकाळपासून साऱ्या बायकांनी मिरचीचे हात पुन्हा पुन्हा बुडवले होते. हात राखणारं तेल कुणाला भाजेल, हे ना तिच्या मनात आलं ना माझ्या.

लगेच तिने मुलगी छातीशी लावली. आधी माझी छाती पेटली आणि मी ओरडायच्या आत मुलगी ओरडली. तशी किंकाळी मी पुन्हा ऐकली नाही आणि मला ऐकायची नाही. कुणी ताक आणलं, मावशीने फडकं बुडवून तिचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. संध्याकाळी ती शांत झाली तेव्हा मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसले! ती माझं दूध घेईना. जवळ घेतली की मान फिरवायची, अंग ताठ करायची, निळी पडेपर्यंत रडायची. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी छाती दगडासारखी झाली, दूध आपोआप गळून पोलकं भिजायचं आणि लेकरू उपाशी. चमच्याने साखरपाणी द्यावं तर अर्धं हनुवटीवरून खाली. डॉक्टरने तोंड तपासलं, जखम नाही म्हणाला, पाजत राहा म्हणाला. पाजत राहा! जणू मीच नाही म्हणत होते. तिची दुपटी कोरडी राहायला लागली. रडणं बारीक होत होत नुसतं कुंथणं उरलं. भरल्या छातीपाशी बसून मी माझं लेकरू घालवणार, असं मला दिसत होतं आणि मी काहीच करू शकत नव्हते. मी हात धूत होते. राखेने, बेसनाने, ताकाने, परत राखेने. कातडं सोललं तरी धूत होते.

मावशी जेवत नव्हती. ती वाटी तिने मातीत पालथी केली होती आणि "माह्या हातानं झालं वं," एवढंच म्हणत बसायची. पण तिसऱ्या दिवशी मुलगी तिच्या खांद्यावर असताना तिच्या सुरकुतलेल्या गळ्याला तोंड लावून चोखायला लागली. मावशी एकदम उभीच राहिली.

"तिले दूध नको असं नाही. तिले तुहा मिरचीचा हात नको. हात मांगं घे."

मी घेतले. पण मुलगी मांडीवर आली की हात आपसूक पुढे यायचे आणि ती परत ताठ. शेवटी मावशीने डोक्याचं फडकं सोडलं आणि माझी मनगटं पाठीमागे खांबाला बांधली. साऱ्या बायका खुडायच्या थांबल्या. "काय तमाशा होऊन राहिला हा?" मुकादम ओरडला. त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

मावशीने माझ्याच दुधाने माझी छाती पुसली. बोट आधी स्वतःच्या जिभेला लावून पाहिलं. मग मुलीला लावलं. तिने मान फिरवली, परत फिरवली, आणि मग धरलं. घोटाचा आवाज आला तशी मी रडायला लागले. नाक गळत होतं आणि पुसायला कुणी नव्हतं, कारण मावशीचे कोरे हात दोन्ही मुलीपाशी होते.

हंगाम संपेपर्यंत मी तिला अशीच पाजली. पुढे बांधायची गरज पडली नाही, हात आपणच मागे जायचे. माझ्या दुधावर ती वाढली, पण पिताना तिच्या पाठीवरून माझा हात कधी फिरला नाही. तिला हे मी सांगितलेलं नाही.

पुढे मोठी होऊन ती बाळंतपणाला घरी आली होती. दुपट्यातली नात माझ्यापुढे धरून म्हणाली, "माय, घे नं वं हिले."

"थांब, हात धुऊ दे."

"आत्ताच तं धुतले तू. काहून अशी उभी आहेस?"

माझे दोन्ही हात पाठीमागे होते.