हळदीआधी पाठवणी

माझ्या धाकट्या मुलीचं लग्न दोन दिवस चाललं. माझ्या भाच्याने त्याची फिल्म बनवली, तिच्यात ते पहिल्या मिनिटालाच संपलं.

भाचा म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. भिवंडीत मंडईच्या मागे त्याचा स्टुडिओ होता. खाली फोटो काढायचे, वर माळ्यावर कॉम्प्युटर. तेव्हा सीडीचा जमाना होता. लग्नाचं शूटिंग त्याने स्वतः केलं आणि मग दीड महिना मिक्सिंग करत बसला. मिक्सिंग म्हणजे कापाकापी आणि जोडाजोडी. एक दिवस त्याचा फोन आला, "मामा, तयार झाली. पयला तुमी बघा."

मी अंजूरहून रिक्षा करून गेलो. माळ्यावर चढलो, खुर्चीत बसलो, आणि पडद्यावर पहिलंच काय? मुलगी गाडीत बसतेय, तिची आई रडतेय, मी गाडीच्या दाराला धरून उभा. पाठवणी! मला वाटलं सीडी चुकली. गाडी निघाली, धूळ उडाली आणि त्या धुळीतून एकदम हळद निघाली. बेंजो वाजतोय, माझ्या टकलाला हळद लागलीय. ती पुसायच्या आत साखरपुडा, आणि साखरपुड्याचा पेढा तोंडात जातोय तोवर मंगलाष्टका.

"थांबव," मी म्हणालो. "वरातीमागून घोडं ऐकलं होतं. वरातीमागून हळद आजच बघितली."

"मामा, आताचे पिक्चर असेच असतात. शेवट आधी दाखवायचा, मंग कसं कसं झालं ते. माणूस खिळून बसतो."

"कसं झालं ते मला ठाऊक हाय. मी होतो तिथं."

यावर त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला.

मी चौथी पास आहे. पाचवीचा वर्ग बघितला नाही आणि त्याची मला लाजही नाही. पण पिक्चर मी पुष्कळ बघितलेत, भिवंडीच्या टॉकीजला अगदी पुढच्या बाकावर, मान वर करून. आमच्या वेळचा पिक्चर शेताच्या बांधासारखा सरळ चालायचा. मूल जन्माला यायचं, जत्रेत हरवायचं, पळता पळता त्याचे पाय मोठे व्हायचे आणि वर कॅमेरा गेला की मिशा फुटलेला हिरो. मागचं दाखवत नव्हते असं नाही. म्हातारी आई खिडकीतून आभाळाकडे बघायची, पडदा पाण्यासारखा हलायचा, आपण समजायचं, आता मागचं आलं. परत येताना पुन्हा पडदा हलायचा. याला रीत म्हणतात. कोणाच्या घरी गेलात तर कडी वाजवून आत जाता, निघताना दार ओढून घेता. आताचा पिक्चर खिडकीतून आत शिरतो आणि कौलं काढून बाहेर पडतो.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. धवलारणीचंही सांगितलं. आमच्याकडे लग्नाला एक म्हातारी धवले गाते, मांडव घातल्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक कामाचं वेगळं गाणं. तिला एकदा कोणी म्हणालं, आजी, मधलं एखादं गा की. ती म्हणाली, "मधलंच गायलं तर लगीनपण मधलंच लागंल, बाबा."

"म्हणून सरळ करून दे," मी म्हणालो. "घडली तशी. हळद, मंग लगीन, मंग पाठवणी."

"नका, मामा."

"का नका? तुला येत न्हाय?"

"येतंय ना. पण सरळ लावली तर मंगलाष्टकांत तुमी कुठंच न्हाय. आख्खं गाव हाय, भटजी हाय, बेंजोवाला हाय. तुमी न्हाय."

आता मला मागे जावं लागणार. सांगून जातो. पडदा हलला असं समजा.

लग्न दुपारचं होतं, गावातल्या एका रिकाम्या गोडाऊनच्या आवारात मांडव. मुलाकडची मंडळी वडप्याहून यायची होती. राहनाळला एक कंटेनर रस्त्यात आडवा झाला आणि वऱ्हाड त्याच्या मागे अडकलं. एक तास गेला, दुसरा गेला. हजारभर माणूस मांडवात बसलेलं, पोरं रडतायत. माझा थोरला भाऊ उठला आणि आचाऱ्याला म्हणाला, "पंगत बसव."

मी आडवा गेलो. "अक्षता पडल्याबिगर पान वाढायचं न्हाय."

"लोकं उपाशी हायत."

"मी पण उपाशी हाय. आधी लगीन, मंग जेवण."

"तू बस हट्ट धरून," भाऊ म्हणाला, "मी जिलबी वाढतो." आणि लोक हसले.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी आवाराच्या मागे गेलो, जिथं भाताचे टोप एकावर एक लावले होते, आणि त्यांच्याआड उलट्या घमेल्यावर बसलो. बायकोला निरोप धाडला, मला कोणी बोलवायला येऊ नये. जगात सासरेबुवा रुसतात, जावई रुसतो, विहीणबाईंचा तर हक्कच आहे. नवरीचा बाप रुसलेला मी तरी ऐकला नाही. पण बसलो खरा.

तासाभराने वऱ्हाड आलं, बँड ऐकू आला. मी म्हटलं, आता येतील बोलवायला. लाउडस्पीकरवर पहिली मंगलाष्टका सुरू झाली. म्हटलं, आता येतील. दुसरी झाली, तिसरी झाली. येऊ नका म्हणालो होतो आणि लोकांनी ते ऐकलं. आयुष्यभर माझं कोणी ऐकलं नाही, नेमकं त्या दिवशी ऐकलं. शेवटचं "सावधान" झालं तेव्हा मी धोतर सावरत पळालो. पोहोचलो, तेव्हा मुलगी नवऱ्याच्या गळ्यात हार घालतच होती.

व्याह्यांनी विचारलं, "कुठं होतात?"

मी म्हणालो, "जेवणावर लक्ष ठेवून होतो."

ते एवढे भारावले की त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मुलीच्या अक्षता सोडल्या, पण पाहुणा उपाशी ठेवला न्हाय!" पुढे महिनाभर त्यांनी वडप्यात हेच सांगितलं. मुलीला मी काहीच सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

परत आलो. पडदा हलला.

भाचा म्हणाला, "मामा, सरळ दाखवलं की लोकं हजेरी घेतात. कोण आला, कोण न्हाय. मागं-पुढं केलं की नुसती बघत राहतात. म्हणून तुमचा एक हसरा शॉट होता ना सकाळचा, पाहुण्यांना नमस्कार करताना, तो मी मंगलाष्टकांत टाकलाय. फेटा तोच, अंगरखा तोच. कोणाला कळायचं न्हाय."

मी उठलो. खरं तर तिथंच त्याची पाठ थोपटायला हवी होती. पण बहिणीच्या पोराने आपली लाज झाकली, हे पचायला जड जातं. म्हणालो, "दोन्ही बनव. सरळ पण आणि तुझी पण."

पुढच्या रविवारी व्याही, विहीणबाई, जावई आणि मुलगी अंजूरला आले. भाचा दोन्ही सीड्या घेऊन आला आणि माझ्या कानात म्हणाला, "माझी लावा." मी रात्रभर विचार केला होता. सरळ लावली तर मी अक्षतांना दिसणार नाही आणि पंगतीतही दिसणार नाही, व्याह्यांच्या तोंडावर खोटा पडणार, आणि मुलगी बघणार की बाप तिच्या अक्षतांना नव्हता, रुसून बसला होता. मी भाच्याची लावली.

पाठवणी सुरू झाली तशा विहीणबाई म्हणाल्या, "अवो, उलटी लागली वाटतं."

"नवीन पद्धत हाय," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, यावर माझाच विश्वास बसेना. बायको माझ्याकडे टक लावून बघायला लागली.

पण खरंच सांगतो, लोक रंगले. रडता रडता हळदीवर हसायला लागले. मग मंगलाष्टका आल्या आणि मधेच मी, केशरी फेटा बांधून, हात जोडून हसतोय.

व्याही पुढे सरकले. "थांबवा, थांबवा. हे तर तुमी!"

"मीच."

"मंग तुमी इथंच होतात की. भाताजवळ कोण होतं?"

आता बोला. इथं होतो म्हणावं, तर जेवणावर उभा राहणारा बाप खोटा. जेवणावर होतो म्हणावं, तर फिल्म खोटी. भाचा छताकडे बघत होता. व्याही साधा माणूस, त्याने टोमणा मारला नव्हता, त्याला खरंच कोडं पडलं होतं. मुलगी मान खाली घालून बांगडी फिरवत होती.

मी उठलो, मशीनमधून ती सीडी काढली, दुसरी घातली आणि बटण दाबून हळद पुढे पळवली. "ही बघा," म्हणालो. "ही घडली तशी हाय. यात मी न्हाय. जेवणावर पण नव्हतो. भाताच्या टोपाआड रुसून बसलो होतो."

 मग विहीणबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगं बाई! आमी रुसायचं, तर तुमीच रुसलात!"

व्याही म्हणाले, "आमच्यामुळं?"

"भावामुळं. जिलबीमुळं."

"मी तर वडप्यात सगळ्यांना सांगितलं हो," ते कपाळाला हात लावून म्हणाले, पण हसत होते.

तोवर पडद्यावर मंगलाष्टका चालू झाल्या होत्या. सरळ, एकामागून एक, कंटाळवाण्या. माझी मुलगी अंतरपाटामागे उभी, मुंडावळ्या हलतायत. दर "सावधान"ला अक्षता पडतात आणि ती डावीकडे बघते. आई उजवीकडे उभी होती. डावीकडे जागा रिकामी होती.

अंतरपाट निघाला. भटजी म्हणाले, "घाला हार." नवऱ्याने मान वाकवली. मुलगी हार घेऊन उभी. भटजी पुन्हा म्हणाले. मागून कोणीतरी ओरडलं, "लाजते गं!" नवऱ्याचे मित्र हसले. ती हलेना. नवरा वाकलेला तसाच. करवलीने कोपराने ढोसलं, तरी नाही. बेंजोवाल्याने वाजवायला सुरुवात केली आणि थांबवलं. मग गर्दीतून केशरी फेट्याचं एक टोक वर-खाली होत पुढे आलं. तिने ते बघितलं आणि हार घातला.

मी समजत होतो, माझं नशीब म्हणून हार तरी गाठला.

"मी ठरवलं होतं," मुलगी आता म्हणाली, बांगडी सोडून. "बाबा दिसल्याबिगर घालायची न्हाय म्हणून. तुमी येणार ते ठाऊक होतं. किती वेळ बसणार रुसून? भूक लागली असंल ना."

"आणि माझी मान?" जावई म्हणाला. "दोन दिवस तेल लावत होतो."

सगळे एकदम हसले. बायकोने डोळे पुसले आणि चहा टाकायला गेली.

"तेवढंच मी कापलं होतं," भाचा हळूच म्हणाला. "दीड मिनिट. त्याच्यात काय घडतच नव्हतं, मामा."

 रिमोट मुलीकडे होता. तिला म्हणालो, "जरा मागं घे."

"बाबा, तुमी? मागं?"

"घे म्हटलं ना."

तिने बटण दाबलं. हार नवऱ्याच्या गळ्यातून निघून तिच्या हातात आला, अक्षता उडून लोकांच्या मुठीत गेल्या. व्याही टाळ्या वाजवायला लागले.

"कुठपर्यंत घेऊ?" तिने विचारलं.

"मी न्हाय तिथपर्यंत," मी म्हणालो.