वासितीच्या गाठीतल्या दोन कॅप्सूल

आमच्या बेटावर केरेकेरे म्हटलं की संपलं. नात्यातल्या कुणी हात पसरून तेवढा एक शब्द उच्चारला, की कुऱ्हाड असो, होडी असो, द्यायची. आणि चटया विणणारी वासिती नेमकी याच शब्दापायी विधवा झाली बघा.

तिच्या नवऱ्याचा, इनोकेचा, पाय प्रवाळावर कापला आणि चिघळला. त्याचा मामेभाऊ सेरू मोठा दानशूर. बिस्किटाच्या डब्यात लोकांच्या उरल्यासुरल्या अँटिबायोटिक कॅप्सूल साठवायचा, मागेल त्याला दोन-दोन वाटायचा. इनोकेलाही दोनच दिल्या. पुढे शहरातल्या दवाखान्यात एक औषध लागू पडेल तर शपथ! इनोके शवपेटीतून परत आला.

बेटावरची नर्सबाई वासितीला म्हणाली, "अगं, जंतूही केरेकेरे करतात. अर्धवट औषधाने दुबळे मरतात, चिवट उरतात. मग औषधाला पुरून उरायची विद्या एक दुसऱ्याला देतो. मागणारा परक्या जातीचा असला तरी नाही म्हणत नाही."

वासितीचं रडणं तिथेच थांबलं. घरोघर हात पसरून तिने उरलेल्या गोळ्या मागून आणल्या, सेरूचा डबासुद्धा, आणि नर्सबाईच्या हवाली केल्या. त्या डब्यातल्या दोन कॅप्सूल मात्र लुंगीच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. विणता विणता गाठ चाचपायची आणि गालात हसायची.

वर्षभरात सेरूचाही पाय प्रवाळावर कापला आणि चिघळला. लंगडत आला. "वहिनी, केरेकेरे. डब्यातलं काही उरलंय का?"

"या भावजी, या! वाटच बघत होते." गाठ सुटली. "घ्या. त्यांना दिल्या होत्यात, तेवढ्याच."

सेरूने पुढे केलेला हात मागे घेतला. "वहिनी, पाय जाईल माझा."

"जाऊ दे की. त्यांचा तर जीव गेला."

सेरू मटकन खाली बसला. वासिती त्या सुजल्या पायाकडे बघत राहिली. पुवात तेच जंतू बसले होते, इनोकेला खाऊन माजलेले. सेरू लंगडा झाला तर जिंकणार कोण? तेच!

"ऊठ, मुडद्या!" तिने त्याला बखोटीला धरून नर्सबाईपुढे उभं केलं. त्या दोन कॅप्सूलही तिथेच टाकल्या. तपासणी झाली, नेमकं औषध मिळालं. मग रोज वासिती समोर हजर.

"आ करा. जीभ वर. गिळली?"

"वहिनी, बरा झालो की मी!"

"तुम्ही झालात. ते मेले का? गिळा!"

शेवटची गोळी उतरली तशी ती तडक इनोकेच्या थडग्यावर गेली, नवी चटई अंथरली.

"एक कूळ बुडवलं हो त्यांचं," म्हणाली. "बाकीच्यांना बघतेच."