तक्रारीत आईचं नाव

"इधर आओ, देखो," डॉक्टरीण म्हणाली.

मी बाळंतपणाच्या टेबलावर होते. कळा येऊन राहिल्या होत्या. दोन शिकाऊ नर्स माझ्या पायांशी येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरणीनं बोटानं दाखवलं. "इनके यहाँ बचपन में काट देते हैं. उटनूर के जंगलवाले भी ऐसा नहीं करते."

एक नर्स हसली. मग त्या आपसात तेलुगूत बोलल्या. मला तेलुगू कळतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी माझा मुलगा जन्मला. घरच्यांनी मिठाई वाटली. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. काय कापलं? कोणी? मला माहीत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं. अंगाला सगळं माहीत होतं. मीच त्याला बोलू देत नव्हते.

आमचा समाज लहान. व्यापारी. आदिलाबादेत मोजकी घरं. घरची बोली वेगळी, पण मी मराठी शाळेत शिकले, मराठी गल्लीत वाढले. म्हणून मराठीत सांगते. मुलींच्या या सुंतेला घरच्या बोलीत एक शब्द आहे. बायका तो कुजबुजतात आणि गप होतात. त्याच्यापुढं वाक्यच नाही.

सात वर्षांची होते. माँ म्हणाली, "चल, मागच्या गल्लीत मांजरीला पिल्लं झाली. दाखवते."

"पांढरं आहे का एखादं?"

"आहे."

मी वाटभर उड्या मारत गेले. एका म्हातारीची माडीवरची खोली. दार लागलं. पिल्लं नव्हती. मला चटईवर निजवलं. कोणीतरी खांदे दाबून धरले. मी वर पाहिलं. माँ होती. मी ओरडले ते तिच्याच नावानं. तिनं तोंड फिरवलं.

जखम भरली. ते फिरवलेलं तोंड गेलं नाही.

त्यानंतर तिनं माझ्या डोक्याला हात लावला की माझी मान ताठ व्हायची. शाळेत जाताना वेणी शेजारच्या बाईकडून घालून घ्यायची. "पोरगी हट्टी आहे," माँ म्हणायची. कोणी गोड बोललं की मी दोन पावलं मागं सरायची. आता हा मला कुठं नेणार? लग्न झालं, नेरडीगोंड्याला आले. हायवेवर नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. माणूस वाईट नाही. पण त्यानं जवळ घेतलं की मी तिथं नसायचीच. लाकडासारखी पडून राहायची. छताकडे बघत. तो एकदा म्हणाला, "तू दगड आहेस." मीही तेच समजत होते. माझ्यातच खोट आहे.

मुलगा चालायला लागला. एक दिवस मी त्याला म्हणाले, "चल, गंमत दाखवते." आणि माझ्या आवाजानं मीच दचकले. हुबेहूब माँचा आवाज. लेकराचा हात सोडून मी ओट्यावर बसले. श्वास घेता येईना.

शेजारच्या शीलाताईंनी पाहिलं. त्या मराठी शाळेत मास्तरीण. बाप गुडीहत्नूरला दुसऱ्याच्या वावरात राबलेला. त्यांनी पाणी पाजलं. काही विचारलं नाही. मीच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, अख्खं.

"आता तुम्ही मला घरात घेणार नाही," मी म्हणाले.

"काऊन? तू काय केलं? तुयावर केलं त्याईनं," त्या म्हणाल्या. "लाज तू काऊन धरून राह्यली? ज्याची हाय त्याले दे."

"रीत आहे म्हणतात."

"रीत मले नको सांगू. आमच्या बापाले विहिरीवरून हाकलत, ते बी रीतच होती."

मी आदिलाबादला गेले. माँला समोर बसवलं. विचारलं. आधी म्हणाली, तुला आठवतं कसं? मग रडली. खूप रडली. म्हणाली, "माझंही केलं होतं. माझ्या आईनं." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. भावाची मुलगी तेव्हा सहाची. अंगणात दोरीवर उड्या मारत होती. "हिचं नाही करणार," माँ म्हणाली. "तुझी शपथ."

माझी शपथ. मी विश्वास ठेवला. त्या दिवशी मी तिला माझ्या केसांना तेल लावू दिलं. तिच्या हाताखाली डोळे मिटून बसले. मला वाटलं, आई परत मिळाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा गेले. एरवी पोरगी फाटकापर्यंत धावत यायची. आली नाही. खाटेवर बसली होती, पाय जवळ घेऊन. मला बघून तिनं चादर ओढली.

मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी विचारलं.

ती हळूच म्हणाली, "आत्या, दादीनं सांगितलं, कोणाला सांगू नको. तुला तर बिलकुलच नाही."

माँ स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढल्या वर्षी करायचं होतं. तू बोलत सुटली. म्हणून घाई केली."

"शपथ घेतली होती. माझी."

"मग काय करू? उद्या हिच्याशी लग्न कोण करील? समाजात राहायचं आहे आपल्याला."

"तू रडली होतीस."

"तू गप बसावं म्हणून."

ती पहिली फसवणूक सात वर्षांच्या पोरीशी केली होती. ही माझ्याशी. मोठ्या झालेल्या, मांडीवर डोकं ठेवलेल्या माझ्याशी.

भावाला फोन केला. "बायकांचं बायका बघतात," म्हणाला आणि ठेवून दिला. भावजय दारात उभी होती. तिला माँनं सांगितलं होतं, पोरीला दावतीला नेते. "वैनी, येता का?" मी विचारलं. तिनं पायात चप्पल घातली आणि लेकराला उचललं.

दवाखान्यात मी आधीच सांगितलं, "डॉक्टर, तुम्ही एकट्याच बघा. कोणाला बोलवायचं नाही." ती बाई भली होती. तिनं पडदा ओढला. पोरीला विचारल्याशिवाय हात लावला नाही.

मग ठाणं. जमादारानं विचारलं, "बच्ची को कौन ले गया था?"

मी नाव सांगितलं. म्हातारीचं, आणि माझ्या आईचं.

त्याचा हात थांबला. "माँ का नाम? सोच लो, अम्मा."

"सोच लिया. लिखो."

आता फोन येतात. समाजाचे मोठे लोक. मामा. ज्यांनी कधी माझं नाव घेतलं नाही, ते बेटी म्हणतात. तक्रार मागं घे. घरची गोष्ट घरात राहू दे. नवरा त्यांना उत्तर देत नाही. त्याला मी सगळं सांगितलं. तो आता मला दगड म्हणत नाही. पण अजूनही त्याचा हात लागला की मी छताकडे बघते. ते गेलेलं नाही. जाईल की नाही, ठाऊक नाही.

माँनं निरोप धाडला: "म्हातारपणी मला तुरुंगात घालशील?"

हो.

कोर्टात मला विचारतील, ही कोण? मी आधी सांगेन, ही माझी आई. मग सांगेन तिनं काय केलं. दोन्ही सांगेन. तिच्याकडे बघून.