सोमवारची पेज

माझी बायको गेली, तिच्या सातव्या दिवसाचा मिस्सा रविवारी चर्चमध्ये झाला. सोमवारी सकाळी मी तिचं काम हाती घेतलं.

काम म्हणजे पेज. आमच्या कुंपणापलीकडे एक म्हातारी काकी एकटी राहते. कंबर मोडल्यापासून तिला चुलीशी उभं राहवत नाही. गेली चार वर्षं माझी बायको रोज सकाळी नऊला तिला उकड्या तांदळाची पेज नेऊन देत होती. मधला आठवडा वाडीतल्या बायकांनी सांभाळला. तो आठवडा संपल्यावर पुढे काय, हे ठरवायला काकीची मुलगी कणकवलीहून आली होती. पेजेची सोय नसेल तर ती आईला बरोबर नेणार होती, आणि काकीला घर सोडायचं नव्हतं. मी मुलीला सांगून टाकलं होतं, पेज मी देईन. तीस वर्षं शाळेत शिकवलं, दर रविवारी चर्चमध्ये वाचन करतो. पेज जमेल, असं मला वाटलं.

पेज चांगली झाली. सुका बांगडा भाजला, काटे काढले आणि तुकडे पेजेतच घातले. काकीला बांगडा आवडतो हे मला ठाऊक होतं.

नऊला डबा नेऊन दिला. काकीने झाकण उचललं आणि परत ठेवलं.

"मास्तरा, आज वार खंयचो?"

"सोमवार."

"मगे हो बांगडो खंयसून इलो?"

मुलगी म्हणाली, "रवांदे गो आये, तेंका काय ठावक?"

"कसा नाय ठावक? चार वर्सां तेच्याच घरात माझो सोमवार पाळलो जाता. ह्येचे डोळे पुस्तकात."

काकी सोमवारी मासळी खात नाही. मग मला आठवलं, सोमवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात मासा कधी शिजलाच नव्हता. रविवारी भरपूर होतं म्हणून, असं मी समजत आलो होतो. आमच्या उपवासकाळातले शुक्रवार मला पाठ आहेत. शेजारणीचा सोमवार माझ्या घरात होता, तो मला दिसला नव्हता.

मी डबा घेऊन परत आलो. फळीवर एक लहान टोप उपडा होता. इतकी वर्षं मी त्याला जास्तीचं भांडं समजत होतो. नाकाशी धरला, मासळीचा वास नव्हता. त्यात पुन्हा तांदूळ घातले. उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो, आणि गॅस मोठा केला तर पेज तळाला लागते. मी ढवळत उभा राहिलो. शेजाऱ्यावरच्या प्रेमाचं वाचन मी चर्चमध्ये चांगलं करतो, शब्द स्पष्ट, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. त्या शेवटच्या बाकावर माझी बायको बसायची. ऐकायची, घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी बांगडा भाजायची नाही. कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा. त्या दिवसापासून मी विश्वासाबद्दल बोलताना पुस्तकाइतकाच त्या टोपाचा आधार घेतो.

पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. खाटेवर काकीची दोन लुगडी घडी करून ठेवलेली, शेजारी पिशवी उघडी. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आये अजून उपाशी आसा."

काकीने वाटी दोन्ही हातांत धरली, एक घोट घेतला.

"मीठ कमी," ती म्हणाली. वाटी संपवली. मग मुलीला म्हणाली, "ती लुगडी परत पेटयेत ठेव. पेज उशिरान येता, पण येता."

मुलीने मला विचारलं, "आणि उद्या?"

"नऊ वाजता. उद्या मंगळवार, बांगडो चलात मा काकी?"

"चलात. पण भाजून वेगळो घेवन ये. पेजेत कोण घालता रे?"

मुलीने पिशवीची घडी घातली.