शेजारच्या खिडकीतून ती आत गेली

आमची एकुलती एक मुलगी लग्नानंतर पूर्वेकडच्या एका देशात राहायला गेली. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. विमानातून उतरायचं, पासपोर्ट पुढे करायचा, की दोन महिन्यांचा शिक्का मिळतो. मी बँकेतून निवृत्त झालो, हिची शाळेतली नोकरी संपली, आणि आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुदत संपत आली की कोथरूडला परत यायचं, घर झाडून घ्यायचं, गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये जे तगलं असेल त्याला पाणी घालायचं, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा बॅगा भरायच्या.

मुलीला तेव्हा आमची गरज होती. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. जावई दिवसभर कामावर. त्यामुळे आम्ही पर्यटक म्हणून शिरायचो आणि वरण-भाताचा कुकर लावायचो.

असं किती वेळा चालतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. जावयाच्या ऑफिसातला एक जण म्हणाला, वर्षातून दोनदा. दुसरा म्हणाला, मर्यादाच नाही. मी वकिलातीला ईमेल केली. उत्तर आलं की प्रवेश द्यायचा की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. कर्वे रस्त्यावरच्या आमच्या तिकीट एजंटला विचारलं.

"नियम आहे का?"

"नाही."

"म्हणजे कितीही वेळा गेलं तरी चालेल?"

"असं मी कुठे म्हटलं?"

"मग काय समजायचं?"

"काका, खिडकीतला माणूस म्हणेल तो नियम. तिकीट काढू का?"

मी काढायला सांगितलं. बाळंतपण जवळ आलं होतं.

विमानतळावर त्या सकाळी बरीच गर्दी होती. रांग सोडणाऱ्या बाईने हिला एका खिडकीकडे पाठवलं, मला शेजारच्या. हिचा शिक्का पडला आणि ही पलीकडे जाऊन माझी वाट बघत उभी राहिली. माझ्या खिडकीतला तरुण अधिकारी पानं उलटून पुन्हा पहिल्यापासून बघत होता.

"तुम्ही इथे राहता?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नाही. मुलगी राहते. ती गरोदर आहे."

"पण तुम्ही बहुतेक वेळ इथेच असता."

"किती वेळ असलेलं चालतं? आम्ही तेवढेच राहू."

तो आवाज न चढवता म्हणाला, "तुम्ही पर्यटक वाटत नाही."

माझ्या ओठांवर वाक्य आलं होतं की ती पलीकडे उभी आहे ती माझी बायको, तिचे शिक्के हुबेहूब माझ्यासारखेच आहेत, तिला कसं सोडलंत? पण हे बोललो तर तिलाही परत बोलावतील, हे त्याच क्षणी लक्षात आलं. पलीकडून हिने हाक मारली, "अहो, काय झालं?" मी हातानेच 'तू जा' अशी खूण केली. ती हलेना. मग एका पोलिसाने तिला पुढे जायला सांगितलं. ती मागे वळून बघत बघत गेली.

मला एका खोलीत बसवलं. पाणी दिलं, बिस्किटं दिली. कुणी वाईट वागलं नाही. थोड्या वेळाने मुलीचा घरून फोन आला.

"बाबा, आई एकटीच बाहेर आलीये. फोनवर रडतेय. तुम्ही कुठे आहात?"

"मला परत पाठवतायत. तू फिरू नकोस, पडून राहा."

"असं कसं पाठवतील? कारण काय?"

"कारण नाही सांगितलं," मी म्हणालो. सांगितलं होतं, पण ते मला तिला सांगता येईना.

राग येईल, निदान रडू येईल, म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली. समोर भिंतीवर आग लागल्यास काय करावं याची सूचना होती. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. मग विमानात बसवलं, बसलो.

सोसायटीच्या दाराशी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. "परवाच गेलात ना? काही विसरलात काय?"

"हो."

"काय?"

"बायको."

ते मनापासून हसले. मी जिना चढून वर गेलो.

रीतसर व्हिसा काढावा म्हणून मुंबईला त्यांच्या वकिलातीत जाऊन आलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, तुमच्यासारख्यांना व्हिसा लागत नाही."

"मला आत घेतलं नाही हो."

"पण लागत नाही, तर अर्ज कशाचा घेऊ?" तीही बरोबरच बोलत होती. मी पुण्याची गाडी पकडली.

मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. फोनवर मला टोपडं आणि मिटलेले डोळे दिसले. "बघा, नाक तुमचं आहे," ही म्हणाली. मी "हो हो" म्हणालो. पुढे हिची मुदत संपत आली, तेव्हा तिथल्या कार्यालयाने हसत हसत ती वाढवून दिली. नंतर ही परत आली, पुन्हा गेली, तिला कुणी काही विचारलं नाही. दर वेळी जाताना ही विचारायची, "जाऊ ना?" आणि मी म्हणायचो, "जा की." मी दुधाचा रतीब कमी केला, एकट्यापुरती पोळी-भाजी डब्यातून आणू लागलो. एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, आणखी एकदा प्रयत्न करून बघा, कदाचित सोडतील." सोडलंही असतं. मी विषय बदलला.

नात चालायला लागल्यावर मुलगी तिला घेऊन पुण्याला आली. दारातच मी हात पुढे केले, तर ती भोकाड पसरून आजीच्या खांद्याला चिकटली. "ओळख नाही ना अजून," मुलगी ओशाळून म्हणाली. "होईल," म्हणून मी बॅगा आत घेतल्या.

चार-पाच दिवसांनी दुपारी ती खेळता खेळता माझ्या मांडीवरच झोपली. आतून ही म्हणाली, "द्या, खाली घालते." मी नको म्हणालो. तिचं डोकं माझ्या दंडावर होतं. आपल्याला काही वाटतंय का, ते मी बघत होतो. हाताला मुंग्या आल्या होत्या, तेवढं कळत होतं. ती उठेपर्यंत मी तसाच बसून राहिलो.