शेततळ्यातली विरळणी

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आम्ही सोडलेले झिंगे केवढे झाले?" मी "बरे आहेत" म्हणाले आणि विषय बदलला. ते उत्तर अर्धंच होतं. तेव्हापासून एकही काम हातून धड होत नाही. तुमच्या काकाने तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच लिहून टाकते.

सुट्टीत तुम्ही काकाच्या शेततळ्यात सोडलेले ते नखाएवढे जीव सारखे वाढले नाहीत. काही वीतभर झाले, निळ्या नांग्यांचे. बाकीचे बोटाएवढेच राहिले. मला असा विस्कळीतपणा बघवत नाही. कपाशीत, म्हणजे काकाच्या पऱ्हाटीत, एका जागी दोन रोपं उगवली की कमजोर रोप उपटायचं, हेच मी जन्मभर करत आले. काका सोयाबीन घेऊन महागावला गेला, त्या दिवशी मी जाळं टाकायला लावलं आणि लहान झिंगे वेचून काढले.

शेतावर कामाला येणारी बाई हसायला लागली. "काहून काढून राह्यल्या, बाई? लहान पोरायले कोनी घराबाहेर काढते का?"

"वाढत नाहीत ते. नुसतं खातात."

"मंग माह्या घरचा बुढाही काढा!"

निम्मे तिने रश्शासाठी नेले. उरलेले मी विहिरीजवळच्या हौदात सोडले. काकाने परत आल्यावर हौद पाहिला आणि कपाळावर हात मारला. "आई, हे पऱ्हाटी नाही वं!"

दुसऱ्याच दिवशी मत्स्य महाविद्यालयातली एक मुलगी नमुने घ्यायला आली. मोठ्या आणि लहान झिंग्यांचे बारीक तुकडे तिने नळ्यांत भरून बर्फात ठेवले. मी काय केलं ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, वाढीची जनुकं सगळ्यांच्या अंगात असतात, पण सगळ्यांत सारखी चालू नसतात. निळ्या नांग्यांचे नर बाकीच्यांना दबवून ठेवतात. काढायचे तर मोठे काढायचे." शेती सांभाळून मी इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. पुस्तक साऱ्या वर्गाकडे एकच असतं, पण ते उघडू दिलं जातं का, हे मला कळायला हवं होतं.

"मग आता हौदातले वाढतील?"

"वाढतील. पण रोगाशी लढणारी जनुकं तेव्हा किती चालू आहेत, तेही तपासायचंय. जोरात वाढताना कधीकधी ती बाजू कमी पडते."

हे शेवटचं वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. चहा ठेवते आणि हौदाकडे जाते. परत येते, तर चहा उतू गेलेला. एकदा तळाशी पांढुरका झिंगा निपचित दिसला आणि मी ओरडलेच. काकाने तो उचलून दाखवला. आत काहीच नव्हतं. कात टाकली होती. पुढच्या आठवड्यात मात्र तीन खरेच मेले. वाढीने की रोगाने, ते बघून कळत नाही. काकाने शेततळ्यातले मोठे काढून विकले आणि हौदात हवेचा पंप बसवला. मुलीचा अहवाल अजून आलेला नाही. मी तिला दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा करायची लाज वाटते, तरी करणार आहे.

आज सकाळी हौदातले झिंगे मोजले. एकोणीस जिवंत आहेत. त्यांतल्या दोघांच्या नांग्या निळ्या होऊ लागल्या आहेत.